पहिल्या लग्नाचं मूल परदेशी नेताना: सही कुणाची, कागद कोणता?

वाचकांचे प्रश्न

पुनर्विवाहानंतर घर परदेशी हलवताना नव्या जोडीदाराच्या व्हिसाचा अभ्यास सगळे करतात. पहिल्या लग्नाच्या मुलाची आठवण मात्र तिकिटं काढायच्या वेळी होते. 'ताबा तर आमच्याकडेच आहे' या भरवशावर राहिलेल्या घरांचे अर्ज पुढे महिनोन् महिने लटकतात. या अंकात अशीच सहा पत्रं घेतली आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न: २०२१ मध्ये परस्परसंमतीनं घटस्फोट झाला. नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा माझ्याकडे आहे, वडिलांना महिन्यातले दोन रविवार भेटीचे. आता मी पुन्हा लग्न केलं आहे. यजमान ब्रॅम्प्टनला असतात, कॅनडाचे कायम रहिवासी आहेत आणि आम्हा दोघींना स्पॉन्सर करताहेत. मुलीचे वडील तोंडी 'घेऊन जा' म्हणतात, पण सहीचा विषय काढला की पुढच्या आठवड्यावर ढकलतात. ताबा माझा असताना त्यांच्या सहीवाचून अडतं का? — एक आई, चिंचवड

उत्तर: अडतं, ताई. ताबा म्हणजे मूल कुणाजवळ राहणार ते. पालकत्व ही त्याहून वेगळी गोष्ट. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे वडील नैसर्गिक पालक आहेत. गीता हरिहरन खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आईचं स्थानही भक्कम केलं, पण वडिलांचं पालकत्व घटस्फोटानं संपत नाही. शिवाय तुमच्या हुकूमनाम्यात दोन रविवार लिहिलेले आहेत. मुलगी कॅनडात असेल तर ते रविवार कसे पाळणार? व्हिसा अधिकारी हुकूमनामा वाचतो तेव्हा त्याची नजर नेमकी याच ओळीवर थांबते.

कॅनडाच्या अर्जात यासाठी ठरावीक फॉर्म आहे, आयएमएम ५६०४. सोबत न येणाऱ्या पालकानं अठरा वर्षांखालच्या मुलाच्या कायम स्थलांतराला दिलेली ही संमती. ती वडिलांनी नोटरीसमोर सही करून द्यायची आणि सोबत त्यांच्या सहीच्या ओळखपत्राची प्रत लावायची. फॉर्म साधा आहे, तरी तो परत येतो आणि कारणं बहुतेक ठरलेली असतात. पॅन कार्डावर सही मराठीत आणि फॉर्मवर इंग्रजीत, हे सर्रास घडतं. ओळखपत्रावर जशी सही आहे तशीच फॉर्मवर करून घ्या. मुलीचं नाव पासपोर्टवर 'मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव' असं असेल तर फॉर्मवर मधलं नाव गाळू नका, स्पेलिंगही अक्षर न् अक्षर तेच ठेवा. नोटरीच्या शिक्क्याची तारीख सहीच्या तारखेच्या आधीची पडलेली नाही ना, हेही तिथेच उभ्या उभ्या तपासा.

आणखी एक घोटाळा पुष्कळ घरांत होतो. एजंट 'एनओसी' म्हणून एक मजकूर देतो: 'माझी मुलगी तिच्या आईसोबत कॅनडाला प्रवास करत असून माझी हरकत नाही.' हे प्रवासाचं पत्र झालं. सुट्टीला जाऊन येण्यापुरतं चालतं, कायम राहायला जाण्यासाठी नाही. 'कायम वास्तव्यासाठी' हे शब्द त्यात हवेतच.

तरीही नुसत्या फॉर्मवर थांबू नका. ज्या कौटुंबिक न्यायालयानं हुकूमनामा दिला तिथेच दोघांनी मिळून अर्ज करा. मुलांबाबतचे आदेश पुढे बदलण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ मध्ये आहे. नव्या कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या लेखी अटींमध्ये, मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक लिहा. ती कॅनडात कायम राहायला जाणार असं देशाच्या नावासकट लिहा. पासपोर्टचं नूतनीकरण, व्हिसा, शाळा आणि उपचार यांसाठी आईची एकटीची सही पुरेशी राहील, हे स्पष्ट म्हणा. आधीचं दोन रविवारांचं कलम रद्द होऊन त्याजागी काय येणार तेही तिथेच ठरवा: आठवड्याला किती व्हिडिओ कॉल, वर्षातून किती दिवस भारतात, तिकिटाचा खर्च कुणाचा. आदेश झाला की नक्कल विभागातून प्रमाणित प्रती घ्या, एक नाही, तीन-चार. एक अर्जासोबत जाते, एक विमानतळावर हातात लागते, एक तिकडच्या शाळेला दाखवावी लागते.

वडील सही का लांबवताहेत याचाही विचार करा. 'सही केली की मुलीवरचा हक्क गेला' अशी भीती पुष्कळ बापांना असते. खरं तर या सहीनं त्यांचं पालकत्व जात नाही आणि मुलीचा वारसाहक्कही जात नाही. हे त्यांना तुमच्याऐवजी त्यांच्या वकिलानं किंवा न्यायालयातल्या विवाह समुपदेशकानं सांगितलं तर लवकर पटतं. तरीही सही नाहीच आली तर एकतर्फी अर्ज करून न्यायालयाची परवानगी मागता येते. ते कसं, ते पुढच्या उत्तरात पाहा.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. 'सही मिळेना, तर मुलीचं नाव आत्ता अर्जात घालूच नका, नंतर बोलावू' असा सल्ला कुणीतरी देईलच. कॅनडाच्या स्थलांतर नियमांतलं कलम ११७(९)(डी) सांगतं की ज्या कुटुंबीयाचं नाव सांगितलं नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब गटातून स्पॉन्सर करता येत नाही. मुलगी आत्ता सोबत जात नसली तरी तिचं नाव अर्जात घाला, तिची वैद्यकीय तपासणीही करून घ्या.

प्रश्न: माझ्या बहिणीचा नवरा सात वर्षांपूर्वी घर सोडून गेला. तिला घटस्फोट एकतर्फी मिळाला. मुलगा बारा वर्षांचा. आता तिचं लग्न मेलबर्नला ठरलं आहे. ज्याचा पत्ताच नाही त्याची संमती आणायची कुठून? — एक मामा, नाशिक

उत्तर: ऑस्ट्रेलियाचा नियम काटेकोर आहे, पण त्यात वाट ठेवलेली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला कायमचा व्हिसा देण्याआधी अधिकाऱ्याची तीनपैकी एका गोष्टीबद्दल खात्री पटावी लागते. मूल कुठे राहील हे ठरवण्याचा कायदेशीर अधिकार ज्यांना आहे त्या प्रत्येकाची संमती आहे, किंवा मुलाच्या देशाचा कायदा त्याला घेऊन जाऊ देतो, किंवा ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाच्या मुलाबाबतच्या आदेशाशी हे सुसंगत आहे. संमतीसाठी फॉर्म १२२९ आहे, पण तुमच्याकडे सही करणारा माणूसच नाही. म्हणून दुसरी वाट धरायची. भारतीय न्यायालयाचा असा आदेश आणायचा की आई मुलाला कायम वास्तव्यासाठी ऑस्ट्रेलियाला नेऊ शकते.

पहिल्यांदा घटस्फोटाचा हुकूमनामा उघडून बघा. त्यात मुलाच्या ताब्याबद्दल काही लिहिलंय का? एकतर्फी हुकूमनाम्यात पुष्कळदा फक्त लग्न संपल्याचं असतं, मुलाचा उल्लेखच नसतो. तसं असेल तर मुलगा जिथे राहतो तिथल्या कौटुंबिक न्यायालयात पालक व पाल्य कायदा, १८९० खाली अर्ज करा. अर्जाच्या विनंतीत ताबा आणि परदेशी नेण्याची परवानगी या दोन्ही मागण्या वेगवेगळ्या लिहा. न्यायालय मागितलेलंच देतं. नुसता ताबा मागितला तर नुसता ताबाच मिळेल आणि व्हिसासाठी पुन्हा तिथंच यावं लागेल. याच कायद्याच्या कलम २६ प्रमाणे न्यायालयानं नेमलेल्या पालकानंही पाल्याला हद्दीबाहेर नेण्याआधी न्यायालयाची परवानगी घ्यायची असते. म्हणजे 'पालक नेमलं' एवढ्या आदेशावर निघून जाणं हीही चूकच ठरते.

खरा वेळ जातो तो नोटीस बजावण्यात. नवऱ्याचा शेवटचा माहीत असलेला पत्ता, त्याच्या आईवडिलांचा पत्ता आणि शेवटची नोकरी जिथे होती तिथला पत्ता, असे तिन्ही अर्जात द्या. टपालानं पाठवलेल्या नोटिशीची पाकिटं 'पत्त्यावर आढळला नाही' असा शेरा घेऊन परत येतील. ती फोडू नका. बंद पाकीट, त्यावरचा टपाल खात्याचा शेरा आणि तारीख हाच तुमचा पुरावा. त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० प्रमाणे वर्तमानपत्रातून नोटीस देण्याची परवानगी मागा. जाहिरात नवऱ्याचं शेवटचं राहणं जिथे होतं तिथल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते, तुमच्या सोयीच्या गावातल्या नव्हे. नवरा शेवटी सोलापूरला होता आणि जाहिरात नाशिकच्या पुरवणीत छापली, तर पुढे त्यावर बोट ठेवलं जातं.

'त्याचा पत्ता नाही' हे शपथेवर सांगताना ते पूर्ण खरं असू द्या. दिराच्या लग्नात तो दिसला होता, त्याच्या नंबरवरून मागच्या दिवाळीत मेसेज आला होता, असं काही असेल तर तेही सांगा. ते लपवून आदेश घेतला आणि तो माणूस उद्या उभा राहिला तर आदेशही जाईल आणि व्हिसाही अडचणीत येईल.

मुलगा बारा वर्षांचा आहे, म्हणजे न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये बोलण्याची शक्यता मोठी. स्वतःचं मत बनवता येण्याइतकं मूल मोठं असेल तर त्याच्या पसंतीचा विचार करता येतो, असं १८९० च्या कायद्याच्या कलम १७(३) मध्येच आहे. त्याला उत्तरं पाठ करून घेऊ नका. 'मामा म्हणाले असं सांग' हे वाक्य त्या खोलीत बाहेर पडतंच.

प्रश्न: पहिल्या नवऱ्यानं कुरकुर न करता संमतीपत्र दिलं. मुलीची फीदेखील तेच भरतात, तसं त्यांनी पत्रात चांगल्या भावनेनं लिहिलं. तरी ब्रिटनचा मुलीचा व्हिसा नाकारला, माझा मिळाला. संमती असताना नकार कसा? — ठाणे

उत्तर: कारण ब्रिटन संमतीच्या पलीकडचं काही विचारतं. दोन्ही जन्मदाते पालक हयात असून त्यांतला एकच ब्रिटनमध्ये असणार असेल, तर मुलाच्या वाढीची 'एकट्याची जबाबदारी' त्या पालकावर आहे हे दाखवावं लागतं. ते जमत नसेल तर मुलाला न येऊ देणं अन्यायाचं ठरेल अशी गंभीर कारणं दाखवावी लागतात. २००६ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणानं येमेनच्या एका प्रकरणात या शब्दांचा अर्थ लावला, तो आजही वापरतात: मुलाच्या आयुष्यातले महत्त्वाचे निर्णय सतत कुणाच्या हातात आहेत. पैसे कोण देतं हा त्यातला एक भाग आहे, निकाल त्यावरच लागतो असं नाही. पण वडील फी भरतात, शाळा दोघांनी मिळून निवडली, असं त्यांच्याच सहीनं लिहिलेलं असेल तर अधिकारी म्हणणार, जबाबदारी वाटलेली आहे. चांगल्या मनानं लिहिलेलं पत्र तुमच्या विरुद्ध गेलं ते असं.

नव्यानं अर्ज करताना पत्र बदलण्याआधी वस्तुस्थिती तपासा. शाळेच्या प्रवेश अर्जावर सही कुणाची? पालकसभेच्या नोंदवहीत कुणाचं नाव? लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याची फाइल, ट्यूशनच्या पावत्या कुणाच्या नावावर? शाळेच्या लेटरहेडवर वर्गशिक्षिकेचं किंवा मुख्याध्यापकांचं पत्र घ्या: प्रवेशापासून सगळा संपर्क आईशी, निर्णय आईचे, वडील कधी आले, कशासाठी आले. वडिलांचं नवं पत्रही हवं, पण खरं. 'मी आर्थिक मदत करतो. शाळा, उपचार, राहणं याबद्दलचे निर्णय २०१९ पासून मुलीची आई एकटी घेते' हे खरं असेल तरच तसं लिहून घ्या. अधूनमधून भेटणं, वाढदिवसाला कपडे घेणं यानं एकट्याची जबाबदारी मोडत नाही. पण निर्णय खरोखर दोघं मिळून घेत असाल तर ही वाट तुमची नाही. मग गंभीर कारणांच्या बाजूनंच अर्ज उभा करावा लागेल आणि त्यासाठी तिथला स्थलांतर वकील गाठावाच.

आणखी एक. सावत्र वडील ब्रिटिश आहेत, म्हणजे ते 'पालक' झाले असं समजू नका. तिथल्या नियमांत सावत्र वडिलांना पालक धरतात ते मुलाचे वडील हयात नसतील तरच.

प्रश्न: भाचीला चार महिन्यांत अठरा पूर्ण होतील. तिच्या आईचं लग्न न्यू जर्सीच्या गृहस्थांशी पुढच्या वर्षी करायचं आहे. चालेल ना? — अमरावती

उत्तर: पुढच्या वर्षी नको. अमेरिकेच्या कायद्यात सावत्र नातं धरलं जाण्यासाठी आई आणि सावत्र वडील यांचं लग्न मुलाला अठरा पूर्ण होण्याआधी व्हावं लागतं. अठरावा वाढदिवस उलटल्यावर लग्न झालं तर सावत्र वडिलांना तिच्यासाठी त्या नात्यानं अर्ज करता येत नाही. घाई करायची तर इथे करा. आईचा आधीचा घटस्फोट मात्र पक्का झालेला हवा. भांडून झालेल्या घटस्फोटात अपिलाची नव्वद दिवसांची मुदत असते, ती संपल्याशिवाय लग्नाची तारीख धरू नका.

गृहस्थ अमेरिकन नागरिक असतील तर आईसाठी एक आय-१३० (नातेवाइकाला बोलावण्याचा अर्ज) आणि मुलीसाठी दुसरा, असे दोन अर्ज लागतात. आईच्या अर्जात मुलगी आपोआप येत नाही. ही चूक फार होते आणि ती मुलाखतीच्या वेळी कळते. नागरिकानं केलेल्या अर्जात मुलीचं वय अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी गोठतं, त्यामुळे तो एकविसाव्या वाढदिवसाच्या आत जायला हवा. ते ग्रीन कार्डधारक असतील तर आईच्या अर्जाखाली मुलगी येते, पण मधल्या काळात ते नागरिक झाले की ती सोय संपते आणि तिच्यासाठी वेगळा आय-१३० भरावा लागतो.

वडिलांच्या संमतीबद्दल: कॅनडा-ऑस्ट्रेलियासारखा ठरावीक फॉर्म इथे नाही. अठराखालच्या मुलाच्या मुलाखतीला ताब्याचा आदेश किंवा वडिलांचं नोटरी केलेलं पत्र मागू शकतात, म्हणून बरोबर ठेवा. आणि सावत्र वडील नागरिक आहेत म्हणून मुलगी आपोआप नागरिक होत नाही.

प्रश्न: मुलाचे वडील वारले. दुसरं लग्न झालं, यजमान दुबईत नोकरीला आहेत आणि पुढे कॅनडाला जायचं म्हणताहेत. निघण्याआधी त्यांनी मुलाला दत्तक घ्यावं आणि आडनाव बदलावं असं त्यांच्या मनात आहे. सासरचे (पहिल्या) म्हणतात, आमच्या परवानगीशिवाय नातू नेता येणार नाही. — कोल्हापूर

उत्तर: आजी-आजोबांची परवानगी कायद्यानं लागत नाही. वडिलांच्या पश्चात नैसर्गिक पालक तुम्ही आहात आणि पुन्हा लग्न केल्यानं ते जात नाही. संमतीच्या फॉर्मऐवजी वडिलांचा मृत्यू दाखला जोडायचा. आजी-आजोबा ताब्यासाठी न्यायालयात जाऊ शकतात, पण तो दावा त्यांनी लावला तर. तोवर त्यांना नातवाशी बोलू द्या, भेटू द्या. मुलगा गेलेल्या त्या दोघांना आता नातूही दुरावेल ही भीती खरी आहे आणि ती कमी करणं तुमच्या हातात आहे.

आडनावाबद्दल २०२२ चा अकेला ललिता खटल्याचा निकाल तुमच्या बाजूनं आहे. पतीच्या निधनानंतर मुलाचं आडनाव ठरवण्याचा आणि त्याला नव्या कुटुंबात सामावून घेण्याचा अधिकार आईला आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. कागदोपत्री 'सावत्र वडील' असं लिहायला लावणं मुलाच्या मनावर घाव घालणारं आहे, हेही त्यात आलं. अधिकार आहे, पण वेळ बघा. जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि पासपोर्ट या चौघांवर एकच नाव नसेल तर व्हिसाचा अधिकारी आधी तोच धागा ओढतो. एकतर राजपत्रात बदल प्रसिद्ध करून सगळे कागद आधी सरळ करा आणि मगच अर्ज करा. नाहीतर जुन्या नावावर व्हिसा घ्या आणि नाव पुढे बदला. अर्ज चालू असताना मध्येच बदलू नका.

दत्तकाची मात्र आम्हाला घाई दिसत नाही. कॅनडाच्या अर्जात मूल तुमचं आहे आणि तुम्ही यजमानांच्या पत्नी, एवढ्यावर ते अवलंबित म्हणून धरलं जातं. बावीस वर्षांखाली आणि अविवाहित असलं म्हणजे झालं. दत्तकपत्र लागत नाही. उलट यजमान परदेशी राहत असल्यामुळे हिंदू दत्तक कायद्याखाली नुसतं नोंदणीकृत दत्तकपत्र करून मुलाला परदेशी नेता येत नाही. केंद्रीय दत्तक प्राधिकरण म्हणजे 'कारा'ची ना हरकत लागते आणि त्यात वेळ जातो. शिवाय दत्तकानंतर मुलाचं जन्मघराशी कायद्याचं नातं तुटतं. वडिलांची जी मालमत्ता त्याच्या नावे आधीच झाली आहे ती कलम १२ प्रमाणे त्याचीच राहते, पण आजोबांकडून पुढे मिळू शकणारा वारसा जातो. पहिल्या घरी शेतजमीन असेल तर सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागलं आहे का, ते दत्तकाचा विचार करण्याआधी बघा. आणि वेळ ठेवूनही राहा. या कायद्यात रूढी नसेल तर पंधरा पूर्ण झालेल्या मुलाचं दत्तक होत नाही.

पासपोर्टबद्दल बऱ्याच वाचकांनी विचारलं आहे, म्हणून इथेच. मुलाच्या पासपोर्ट अर्जासोबत पालकांचं घोषणापत्र लागतं: दोन्ही पालकांची सही मिळत असेल तर अनुबंध डी, एकाच पालकाची असेल तर अनुबंध सी. डिसेंबर २०१६ पासून दोन्ही साध्या कागदावर चालतात, नोटरी लागत नाही. अनुबंध सी मध्ये दुसऱ्या पालकाची संमती का नाही याचं कारण लिहायचं असतं, त्यासोबत हुकूमनाम्याची प्रत द्या. ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या. सावत्र वडिलांचं नाव जन्मदात्या वडिलांच्या जागी घालू नका, जन्मदाखल्याशी ते जुळणार नाही. आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो हे लक्षात असू द्या. परदेशात तो संपला की वकिलात पुन्हा दोन्ही पालकांची संमती किंवा न्यायालयाचा आदेश मागते. म्हणूनच पहिल्या उत्तरात 'नूतनीकरण' हा शब्द कन्सेंट टर्म्समध्ये घालायला सांगितला.

प्रश्न: मी दुसऱ्या बाजूचा आहे. मुलाच्या आईनं पुन्हा लग्न केलं, ते लोक कॅल्गरीला चाललेत. मुलगा सात वर्षांचा. संमतीचा कागद माझ्यासमोर आहे. सही न केल्यास मुलाचं नुकसान, केली तर तो मला विसरेल. काय करू? — एक वडील, सोलापूर

उत्तर: दादा, कोऱ्या अटींवर सही करू नका आणि अडवून धरायचं म्हणूनही धरू नका. आई न्यायालयात गेली तर तिथे मुलाचं हित हाच निकष असतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम १३ तेच सांगतं. सहीची किंमत आहे ती आत्ता. न्यायालयानं परवानगी दिल्यावर तुमच्या हातात मागायला फारसं उरत नाही.

फॉर्मवर सही करण्याआधी कौटुंबिक न्यायालयात कन्सेंट टर्म्स करून घ्या. मुलाचा तिथला पत्ता आणि शाळा बदलली की पंधरा दिवसांत कळवणं, प्रगतिपुस्तकाची प्रत, आजारपणाची माहिती, उन्हाळ्यात ठरावीक आठवडे सोलापुरात, तिकीट कुणी काढायचं, हे सगळं अंकांत लिहा. 'वेळोवेळी' आणि 'सोयीनुसार' हे शब्द येऊ देऊ नका. भांडण त्याच शब्दांवरून होतं. दत्तक देण्याची संमती या कागदात कुठे घुसडलेली नाही ना, ते ओळ न् ओळ वाचा. परदेशी राहण्याची संमती आणि दत्तकाची संमती या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दत्तक झालं की ते मागे घेता येत नाही.

मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. कॅनडा आहे, पण त्या करारातून तुम्हाला मदत मिळणार नाही. म्हणून अटींमध्ये एक कलम असं घाला की पोहोचल्यावर अमुक दिवसांत आईनं अल्बर्टातल्या, म्हणजे कॅल्गरीच्या प्रांतातल्या, न्यायालयात याच अटींचा आदेश करून घ्यावा आणि त्याची प्रत तुम्हाला पाठवावी. मग ती अट तिथेही बजावता येते.

फोनचं कलम मुलाच्या दिवसात बसेल असं लिहा. सात वर्षांचं पोर रात्री जागं राहत नाही आणि शाळेच्या सकाळी बोलत नाही. रविवारी कॅल्गरीच्या सकाळी नऊ वाजता ठेवा. उन्हाळ्यात तेव्हा सोलापुरात रात्रीचे साडेआठ असतात, हिवाळ्यात साडेनऊ. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढे-मागे होतात. म्हणून अटींमध्ये वेळ कॅल्गरीची लिहा, आपली नको. नाहीतर नोव्हेंबरच्या पहिल्याच रविवारी तुम्ही साडेआठला फोन धरून बसाल आणि मुलगा तिकडे झोपलेला असेल.